अठराव्या वाढदिवसाला टर्बो, आणि पोटात दुखलं तर ओवा खा म्हणे!

चौथा गियर (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा रात्री साडेअकराला आलेला मजकूर, जसाच्या तसा:

"लायसन्स म्हणजे कागद. माझा मुलगा पंधराव्या वर्षापासून गाडी चालवतोय. चाळिशीतल्या कुठल्याही माणसापेक्षा त्याचा हात साफ आहे. अठराव्या वाढदिवसाला टर्बो घेऊन देतोय. ज्यांच्या पोटात दुखेल त्यांनी ओवा खावा."

खाली 62 अंगठे. तिथे उत्तर दिलं तर विषय पाहुण्यांच्या पार्किंगवर जाईल, म्हणून इथे लिहितोय.

हात साफ असतो हो. पंधरा दिवसांत कुणाचाही होतो. प्रश्न नजरेचा आहे. थांबलेल्या बसच्या पुढून कुणीतरी पळत येणार, रिक्षाचं पुढचं चाक जरासं वळलंय म्हणजे तो आता न बघता यू-टर्न मारणार, जूनच्या पहिल्या सरीनंतर तासभर रस्ता तेलकट असतो, हे सगळं रस्त्यावर वर्षं घालवून अंगात येतं. तोवर चुका होणारच. साधी गाडी चूक सावरायला एक क्षण देते. टर्बो, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनाची गाडी, तो क्षणही खाऊन टाकते.

19 मे 2024ला कल्याणीनगरमध्ये काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. 17 वर्षांचा मुलगा, पहाटेची वेळ, भरधाव पोर्शेची धडक, दोन तरुण इंजिनिअर गेले. लोकांना जामिनाच्या अटीतला 300 शब्दांचा निबंध आठवतो. मला आठवतात ते 1,758 रुपये. कोटीच्या वरची गाडी, आणि नोंदणीचं तेवढं शुल्क भरायचं राहिलं होतं! गाडी हातात देण्याची घाई आणि बाकी सगळं नंतर बघू, हीच वृत्ती त्या ओव्यात आहे.

लूनावाली माई
+१. मी 1979 साली टिळक रस्त्यावर लूना शिकले. चढ आला की पेडल मारायचं, त्यामुळे वेगाचा माज चढायची सोयच नव्हती. आता सोळा वर्षांचं पोर ॲक्सिलरेटर पिळतं आणि गाडी त्याच्या आधी पोचते.

बाणेरचा बाबा
ती पोस्ट माझी आहे. परवानगी न घेता इथे चिकटवल्याबद्दल आभार. निदान नाव टाकलं नाहीत, एवढा सुसंस्कृतपणा उरलाय म्हणायचा.

आता ऐका. माझा मुलगा मुळशीला आमच्या स्वतःच्या जागेत शिकला. खासगी जागा, मी शेजारी बसलेला, हातात हँडब्रेक. रिव्हर्स, चढावर हाफ क्लच, सगळं घोटून घेतलंय. तुमची मुलं अठराव्या वर्षी क्लासला जातात, वीस दिवस अर्धा अर्धा तास कर्वे रस्त्यावर सेकंड गियरमध्ये रांगतात, आणि लायसन्स घेऊन थेट एक्स्प्रेसवेला लागतात. धोकादायक कोण? पोहायला लहानपणीच शिकवतात, अठरा पूर्ण होईपर्यंत थांबत नाहीत.

आणि त्या कल्याणीनगरच्या मुलाशी माझ्या मुलाची तुलना केलीत तर मी गप्प बसणार नाही. तिथे दारू होती.

चौथा गियर
शेतात शिकवलंत ते उत्तम. शेतात समोरून उलट्या दिशेने स्विगीवाला येत नाही. आणि तुलना मी वृत्तीची केली, मुलाची नाही. परत वाचा.

पीएमपीग्रस्त
मोटारींवर बोलणारे सगळे थोर आहात. मला एक सांगा, या धाग्यावरच्या किती जणांनी अकरावीतल्या पोराच्या हातात ॲक्टिव्हा दिलेली नाही? हात वर करा.

बाणेरचा बाबा
हा प्रश्न मला फार आवडला. चौथा गियर, हात दिसत नाहीये.

पीएमपीग्रस्त
मी दिली आहे, कबूल करतो. क्लास सकाळी सव्वासहाला. आमच्या धायरीहून पावणेसहाची बस कधी येते, कधी येत नाही. आली तर दार उघडायच्या आधीच निघते. महिनाभर मी सोडायला गेलो, मग ऑफिसची शिफ्ट बदलली. रिक्षा रोज दीडशे. कायदा मला माहीत आहे: 2019च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 दंड, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. सगळं पाठ आहे. बस मात्र नाही.

लूनावाली माई
कायद्यात सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालते ना?

पीएमपीग्रस्त
माई, चालते. पण ती दुकानात आहे कुठे? ॲक्टिव्हा दुपटीहून मोठ्या इंजिनाची. म्हणजे परवाना मिळणार, वाहन नाही. राहिली 25च्या वेगाची, 250 वॅटची बॅटरीची गाडी, तिला लायसन्सच लागत नाही. शेजारच्याने ती घेतली आणि आठवड्यात कुणाकडून तरी ‘खोलून’ आणली. आता पंचेचाळीसने जाते. ब्रेक तेच.

साडेतीन शहाणे
मुळात सव्वासहाचे क्लास का असतात? मुलं झोपेत गाडी चालवतात त्यावर कुणी बोलत नाही. माझा भाचा कॉलेज, क्लास, टेस्ट सिरीज करून दिवसाला पाच तास झोपतो...

पीएमपीग्रस्त
क्लासवाल्यांना बोलायचं तर वेगळा धागा काढा. मुद्दा बसचा आहे. एवढ्या मोठ्या शहरात...

(पुढचे अकरा प्रतिसाद बसच्या वेळा, बीआरटीचा खर्च आणि मेट्रो स्टेशनपासून घर किती लांब यावर. वाचायचे असतील तर वाचा, मी दमलो. – चौथा गियर)

डबल ब्रेक
सिंहगड रस्त्यावर 22 वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, म्हणून थोडं बोलतो. बाणेरच्या बाबांचं अर्धं बरोबर आहे. आमच्याकडे दहा तासांत जे शिकतात त्याला ड्रायव्हिंग म्हणत नाहीत, टेस्ट पास होणं म्हणतात. पालक फोनवर काय विचारतात? "सर, टेस्टचं तुम्हीच बघाल ना?" लर्निंगची परीक्षा हल्ली आधारवर घरबसल्या होते. एका मुलाला विचारलं, त्रिकोणी पाटी म्हणजे काय? म्हणाला, "ते बाबांनी दिलं होतं उत्तर."

आता राहिलेलं अर्धं. शेतात तयार झालेली मुलं मला सर्वांत जड जातात. क्लच सुंदर, आरसा शून्य. मान वळतच नाही. मी तिसऱ्या दिवशी त्यांना नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नेतो, सकाळी, डावी लेन धरून. मागून न्यूट्रलमध्ये टाकलेला ट्रक येताना आरशात कसा मोठा होत जातो ते बघ म्हणतो. 2022च्या नोव्हेंबरात एका अवजड गाडीने तिथे एकामागून एक कित्येक गाड्या ठोकल्या, तो तिथलाच उतार. मग बोलणं आपोआप कमी होतं.

टर्बोचं गणित सोपं आहे. वेग 40चा 80 झाला की आदळताना जोर दुप्पट नाही, चौपट. आणि साठच्या वेगाला दोन सेकंद मोबाइलकडे बघितलं की गाडी 33 मीटर पुढे. पीएमपीच्या जवळजवळ तीन बस. (आल्या तर.)

सिडनीवासी
आमच्याकडे हा वाद होतच नाही, कारण नियमच तसे आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला 120 तासांची नोंदवही भरावी लागते, त्यातले 20 रात्रीचे. मग लाल पी (नवशिक्या चालकाची पाटी) लावून 90ची मर्यादा, दारू शून्य, रात्री अकरा ते पहाटे पाच एकवीसच्या आतला एकच प्रवासी. आणि पी असेपर्यंत टनाला 130 किलोवॅटहून जास्त ताकदीची गाडी चालवायचीच नाही. मुलीच्या नोंदवहीतले साठेक तास मी शेजारी बसून काढलेत. केस पांढरे झाले, पण तिला आधी झेब्रा क्रॉसिंग दिसतं, मग सिग्नल.

साडेतीन शहाणे
आलं ऑस्ट्रेलिया. आता रात्री कांगारू आडवा आला तर काय करायचं तेही सांगा.

बाणेरचा बाबा
थांबा थांबा. सिडनीताई, तिकडे शिकायला किती वर्षांचं व्हावं लागतं?

सिडनीवासी
सोळा. पण शेजारी पूर्ण लायसन्सवाला लागतोच.

बाणेरचा बाबा
बघा! मी गेले सहा प्रतिसाद हेच बोंबलतोय. लवकर शिकवा, शेजारी बसून शिकवा. ते तिकडे केलं की व्यवस्था, मी केलं की वृत्ती!

चौथा गियर
ठीक आहे. लवकर शिकवण्याचा मुद्दा तुमचा. घ्या, देऊन टाकला. पण 130 किलोवॅटची ओळ तुम्ही ज्या चपळाईने ओलांडलीत ना, तशीच तुमचा मुलगा पिवळा सिग्नल ओलांडत असणार.

बाणेरचा बाबा
मुलावर घसरायचं नाही म्हणून सांगितलं होतं. हा माझा या धाग्यावरचा शेवटचा प्रतिसाद.

मधली लेन
मी इथे फक्त वाचते, पण आता लिहिते. माझी मुलगी सोळाची होती. ॲक्टिव्हा मीच दिली, कारणं वर पीएमपीग्रस्तांनी लिहिलीत तीच. वारज्याला पुलाखाली वाळू पडलेली होती, तिने पुढचा ब्रेक एकटाच दाबला. कॉलरबोन आणि मनगट. तेवढ्यावर निभावलं. समोर जे आजोबा होते त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. विमा कंपनीने हात वर केले, लायसन्स नाही म्हटल्यावर करणारच. ऑपरेशनचे पैसे आम्ही दिले, ते ठीक. पण मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते आजोबा म्हणाले, "पोरीला ओरडू नका, घाबरली असेल." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. आजोबा त्यानंतर काठीशिवाय चालले नाहीत.

तिला पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र दाबायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी तरी कुठे शिकले होते? किल्ली दिली आणि "हळू जा" म्हटलं. आपलं दुचाकीचं शिक्षण एवढंच असतं.

डबल ब्रेक
ताई, माझ्याकडे आजवर दुचाकी नीट शिकायला आलेले बोटांवर मोजण्याइतके. लोक म्हणतात, त्यात काय शिकायचं.

लूनावाली माई
हेल्मेट होतं का गं?

मधली लेन
डिकीत होतं, माई.

साडेतीन शहाणे
कृपा करा, हेल्मेटचा विषय नको. पुण्यात तो निघाला की धागा चारशेवर जातो.

चौथा गियर
मधली लेन, तुमचं वाचून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. पीएमपीग्रस्तांनी हात वर करायला सांगितला तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो होतो. माझ्या मुलीनेही बारावीचं अख्खं वर्ष बिनालायसन्सची गाडी चालवली. तिचं काही झालं नाही. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

टर्बोबद्दलचं मत तेच आहे, कुणी वेगळा अर्थ काढू नये.

अठरा पूर्ण
नमस्कार. ज्याच्या हाताची इथे एवढी चर्चा चालू आहे तो मी. मला टर्बो नकोच होती, बाबांना हवी आहे. माझ्या नावावर घेताहेत कारण आईने त्यांना नाही म्हटलंय.

लूनावाली माई
😂😂😂

बाणेरचा बाबा
घरी बोलू.

डबल ब्रेक
बाणेरचे बाबा, सकाळी साडेसहाच्या बॅचमध्ये जागा आहे. वॅगनआर आहे, टर्बो नाही. मुलाला पाठवा, मान वळवायला शिकवतो. तुम्ही मागे बसा, बोलायचं नाही.

बाणेरचा बाबा
गाडी बुक झाली आहे, ती रद्द होणार नाही. पहिलं वर्षभर तो बायकोची जुनी गाडी चालवेल आणि किल्ली तिच्याकडे राहील. हे मी चौथ्या गियरमुळे करतोय असा गैरसमज नको, त्या आजोबांमुळे करतोय. फी किती?

चौथा गियर
ओवा मी माझा घेतला. थोडा उरलाय, बाणेरला पोचवू का?

अठरा पूर्ण
काका, ते राहू द्या. बाबा परत ग्रुपवर जातील. टेस्ट नाशिक फाट्याला आहे, सकाळी. बाणेरहून थेट बस आहे का कुठली?

पीएमपीग्रस्त
बस, बाळा. सांगतो.