मदत हवी आहे: भाजल्यानंतरची फिजिओथेरपी व्हिडिओ कॉलवर कोणी केलीय का?

माझ्या मोठ्या भावाचा उजवा हात आणि मान भाजली होती, आता जखमा भरल्यात, स्किन ग्राफ्टपण (भाजल्या जागी बसवलेली दुसरीकडची कातडी) नीट धरलंय, पण कोपर आणि बोटं आखडायला लागलीत. रोज सेंटरला नेणं जमत नाहीये म्हणून व्हिडिओ कॉलवर फिजिओ सुरू करायचा विचार आहे. डॉक्टर म्हणतात व्रण मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी २ वर्षंही जातात, तोवर स्ट्रेचिंग, रात्री स्प्लिंट (सांधा ताणलेला धरून ठेवणारा आधार) आणि दिवसातले २३ तास प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) हे चुकवायचंच नाही, नाहीतर कातडी आक्रसून सांधा तसाच अडकून बसतो.

मला कळत नाहीये की स्क्रीनवरून फिजिओला कातडी किती ताणली जातेय ते दिसतं का? ताणताना व्रण पांढरा पडेपर्यंत न्यायचा म्हणतात, ते कॅमेऱ्यात कळतं का? आणि गारमेंट सैल झालं तर माप घ्यायला जावंच लागत असेल ना?

खाजेमुळे त्याला रात्री झोप नाही, त्यावर काय केलंत? आणि मुख्य म्हणजे तो कोणाशी बोलतच नाही, आरशात बघत नाही. यातून गेलेल्या मोठ्या माणसांचा एखादा ऑनलाइन ग्रुप, किंवा फोनवर समुपदेशन करणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा, मला त्याची खूप काळजी वाटतेय.