मदत हवी आहे: शोरूमच्या कोटेशनमधलं काय काय काढायला सांगावं?

मंडळी, वडिलांसाठी गाडी घ्यायची आहे. ते साताऱ्याला असतात, मी पुण्यात. पेट्रोल हॅचबॅक, मॉडेल आणि रंग ठरलेत. प्रश्न फक्त आकड्यांचा आहे. निवृत्तीच्या पैशांतून, कर्ज न काढता घेतायत, त्यामुळे एकेका हजाराचा हिशोब लागायला हवा.

एक्स-शोरूम ८ लाख. आरटीओचा टॅक्स ८८ हजार. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के, म्हणजे तो बरोबर आहे, तिथे घासाघीस नाही. पुढचं मात्र खटकतंय. विमा ४६,५००. तेवढ्याच आयडीव्हीला (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी धरून, मला बाहेर ३३,५०० सांगितलेत. ‘बेसिक किट’ १८ हजार, त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर आणि डॅशबोर्डवरचा गणपती. एक्स्टेंडेड वॉरंटी १३ हजार. शेवटच्या ओळीत हँडलिंग चार्जेस ७,५००. कशाचे म्हणून विचारलं तर, "यार्डातून गाडी आणायचे, सगळेच घेतात सर."

सूट २५ हजार. पण विमा बाहेरून घेतो म्हटल्यावर मॅनेजर म्हणाले, मग सूट १० हजारच. म्हणजे विम्यात १३ हजार वाचवायचे आणि सुटीत १५ हजार घालवायचे! त्यात वडिलांना दसऱ्यालाच गाडी हवी आहे आणि ते सेल्सवाल्याला तसं बोलूनही बसलेत.

यातलं काय नक्की काढून मिळतं? आणि विमा-सुटीची ही गाठ कशी सोडवायची? नुकतीच गाडी घेतलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

हँडलिंग आधी काढायला लावा. गाडी यार्डातून आणून तुमच्या ताब्यात देणं हे डीलरचंच काम आहे. ‘या रकमेची वेगळी पावती द्या’ म्हणा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. किट घेणं सक्तीचं नाही, मॅट आणि सीट कव्हर बाहेर निम्म्यात होतात. वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, फक्त उशिरा थोडी महाग पडते.

विमा कुणाकडून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं, डीलर सक्ती करू शकत नाही. पण त्यावर वाद घालत बसू नका. २५ हजारांत कंपनीची स्कीम किती आणि डीलरच्या खिशातली सूट किती, हे वेगवेगळं लिहून मागा. कंपनीची स्कीम सहसा विम्यावर अवलंबून नसते. मग बाहेरचं कोटेशन समोर ठेवा आणि एवढ्यात देत असाल तर विमा तुमच्याकडूनच घेतो म्हणा. त्यांना त्यात कमिशन असतं, त्यामुळे खाली येतात.

त्याच कंपनीच्या पुण्यातल्या डीलरकडूनही कोटेशन घ्या. गाडी तिथून घेऊन साताऱ्याचं एमएच-११ पासिंग (नोंदणी) करता येतं. तुलना सुटीची नको, शेवटच्या ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून होणाऱ्या आकड्याची करा. दसऱ्याच्या घाईत जुना स्टॉक गळ्यात मारतात, म्हणून पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी घ्या, आणि पासिंगला जाण्याआधी गाडी दिवसाउजेडी स्वतः बघून या.