अनुभव धागा: घरात भरलेल्या कॅसेटमधल्या लतादीदी

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लतादीदी गेल्या, संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांना निरोप दिला गेला, आणि घरोघरी माळ्यावरचे खोके खाली आले. त्यात कंपनीच्या कॅसेट असतात, दुकानात यादी देऊन भरून आणलेल्या असतात आणि रेडिओवरून टिपलेल्याही. पहिल्या दोन्हींतली गाणी आज बहुतेक कुठेही मिळतील. रेडिओवरून टिपलेल्या फितीत मात्र दीदींच्या आवाजामागे निवेदकाचं वाक्य आहे, कुकरची शिट्टी आहे, आजीची हाक आहे. ती फीत जगात एकच. आपलं बालपण ज्या आवाजाने घडवलं त्याचं सुतक पाळायचं तर आधी तिला वाचवू. जाणकारांनी नेमकं लिहावं: काय करायचं, काय बिघडतं, का बिघडतं.

*

खोका उघडल्या उघडल्या कॅसेट डेकमध्ये घालू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीची कड उजेडात पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोकणात तर फार. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण हेडला, म्हणजे डेकमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते.

फीत स्वच्छ असेल तर षट्कोनी पेन्सिल चक्रात घालून हळू फिरवा. अडली तर जोर नको. थर एकमेकांत रुतलेले असतात आणि अशा वेळी फीत नेमकी टोकाशी तुटते. कॅसेट तळहातावर दोन-तीनदा चपटी आपटली की बहुधा सुटते.

आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका येत असेल तर फितीमागचा फेल्टचा चौकोनी तुकडा गळालेला असणार. त्याचा डिंक वाळतो. बाद कॅसेटमधली पट्टी फेल्टसकट काढून बसवा. पाच स्क्रूची कॅसेट सहज उघडते. बिनस्क्रूची असेल तर सांध्यावरून ब्लेड फिरवून उघडायची आणि दोन्ही चक्रं फितीसकट स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये हलवायची. काम ताटात करा, कोपऱ्यांतल्या दोन बारीक चाकऱ्या हमखास उडतात.

तुटलेल्या फितीला सेलोटेप कधीही लावू नका. उन्हाळ्यात त्याचा डिंक पाझरतो आणि वरचा थर खालच्याला धरतो. फीत जोडायची खास चिकटपट्टी, स्प्लायसिंग टेप, मिळते, तीच आणा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत तिरकी कापा, म्हणजे ती बरोबर जुळतात. टेप लावायची ती फितीच्या पाठीला, हेडला घासणाऱ्या बाजूला नाही. फितीची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर असते. टेपची कड केसभर बाहेर राहिली तरी अडकते.

*

वर फितीचं आलं, आता डेकचं. हेड आणि त्याशेजारचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकोरण्याच्या कापसाने पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल नको, रबर कडक होतं. साबणाचं पाणी पुरे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हेडच्या तिरकेपणामुळे. घरी भरलेली प्रत्येक कॅसेट वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असते आणि त्याचं हेड किंचित वेगळ्या कोनात असतं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा नेलपॉलिशने खूण करून ठेवा, आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) करा आणि गाणं चालू असताना तो अगदी थोडा-थोडा फिरवा. दीदींचे 'स' आणि 'श' टोकदार ऐकू आले की थांबा. तोच भोंगळ वाटणारा आवाज अचानक समोर येऊन उभा राहतो. हे केल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरूच करू नये.

गती तपासायलाही विसरू नका. डेकमधला चक्रं फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला की गाणं लांबतं आणि उतरतं. २०० सेकंदांचं गाणं २१२ सेकंद चाललं, तर ते जवळजवळ अर्धा स्वर खाली आलं. म्हणजे पांढरी पाचचं गाणं काळी तीनमध्ये. पेटी घेऊन पडताळा.

*

संगणकावर घेताना: डेकच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये. माइकच्या भोकात घातलंत तर आवाज फाटतो. आवाज भरून घ्यायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे एक जीबी जागा लागते. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. दोन बाजू, दोन अखंड फाइल. गाणी नंतर प्रतीवरून तोडा. आणि कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चिमुकले कान आधीच मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

*

खरखर काढण्याच्या मोहात पडू नका. थोडी कमी करा, पण मूळ फाइल तशीच ठेवा. सॉफ्टवेअरला खरखर आणि तानपुरा यांतला फरक कळत नाही. दीदींचा लांबवलेला शेवटचा स्वर पाण्यात बुडाल्यासारखा होतो, त्यातला श्वास जातो.

*

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना अल्कोहोल लागलं तर लाख विरघळते, तबकडी कायमची गेली. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने. मधलं लेबल कोरडं ठेवा आणि सावलीत उभी वाळवा. सुईही वेगळी लागते. एलपीची (नंतरच्या मोठ्या तबकडीची) सुई साधारण ०.७ मिल, ७८ ची ३ मिल; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घसरते आणि फक्त खरखर ऐकू येते. प्लेअरला ७८ ची गती नसेल तर ४५ वर वाजवून संगणकात गती १.७३३ पट करा. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतच मावत असल्याने लांब गाणी दोन बाजूंत तोडलेली सापडतात. दुसरी बाजू वेगळं गाणं समजून टाकू नका.

*

नावं देताना एक विनंती. 'साधी माणसं'सारख्या चित्रपटांवर संगीतकार म्हणून आनंदघन लिहिलेलं असतं. ते दीदींचंच नाव. फाइलमध्ये गायिका आणि संगीतकार दोन्हीकडे त्यांची नोंद करा, गीतकाराला वगळू नका. 'ऐरणीच्या देवा' खेबुडकरांचं आहे.

आणि डबीतला कागद. आजोबांच्या अक्षरात बाजू अ, बाजू ब, गाण्यांची यादी, कोपऱ्यात तारीख. दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. शाई फिकी पडली असेल तर दिवसाच्या उजेडात, कागद थोडा तिरका धरून काढा. यादीतलं शुद्धलेखन सुधारू नका.