विजांच्या रात्री बाल्कनीत बांधलेला कुत्रा

ए–३०१ : काल पाऊस सुरू झाल्यापासून वरच्या बाल्कनीतून भुंकणे आणि दार खरवडणे जवळपास दोन तास ऐकू येत होते. तक्रार म्हणून नव्हे, काळजीपोटी विचारतो. एवढ्या कडकडाटात त्या मुक्या जिवाला बाहेर ठेवण्याचे काही कारण होते का?

ए–४०१ : काका, आपल्याला त्रास झाला, क्षमस्व. ढग गडगडण्याआधीच तो धापा टाकत, लाळ गाळत येरझारा घालू लागला आणि सोफ्याची उशी फाडली, तेव्हा मी त्याला बाहेर बांधले. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर तो आणखी भित्रा होतो, असे ऐकले होते.

बी–१०२ : ताई, हा समज जुना आहे, पण चुकीचा आहे. भीती म्हणजे खोडी नव्हे. मायेने जवळ घेतल्याने ती वाढत नाही, उलट रागावल्यास गडगडाटाच्या जोडीला आपलीही धास्ती बसते. शिवाय भेदरलेला कुत्रा पट्टा तोडून कठड्यावरून उडी मारू शकतो, त्यामुळे बाल्कनी ही सर्वांत वाईट जागा.

लपण्याची जागा त्यालाच निवडू द्यावी. आमची कुत्री न्हाणीघरात बादलीमागे शिरते. मी तिथे जुनी गोधडी अंथरतो, खिडकी लावतो, बाहेरचा पंखा मोठा करतो आणि दाराशी स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन बसतो. ती हनुवटी माझ्या पावलावर टेकवते आणि तिची थरथर चपलेतूनही जाणवते. पडदेही ओढावेत, कारण प्रकाशामागून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो, म्हणजे वीज एक किलोमीटरवर असेल तर मध्ये तीन सेकंद जातात आणि अनुभवी कुत्रा तेवढ्या वेळात, नुसती चमक पाहूनच अंग चोरतो.

सी–२०३ : मांजरांचेही असेच असते. आमची माळ्यावर चढून बसते. तिला ओढून खाली आणण्याचा प्रयत्न एकदा केला, त्याचे ओरखडे महिनाभर मिरवले. आता पाणी आणि मातीचा ट्रे जवळ ठेवतो आणि तिच्या वाटेला जात नाही.

ए–४०१ : झोपेची अर्धी गोळी दिली तर चालेल का?

बी–१०२ : माणसांचे कोणतेही औषध देऊ नये, मांजराला तर साधी पॅरासिटामॉलही जीवघेणी ठरते. पशुवैद्यांना विचारावे, आणि तेही आभाळ स्वच्छ असताना. एसिप्रोमॅझिनसारख्या, जनावरांना देतात त्या गुंगीच्या औषधाने कुत्रा सुस्त पडतो, पण आतली भीती तशीच राहू शकते, त्यामुळे गप्प पडला म्हणजे शांत झाला असे समजू नये. कोरड्या दिवसांत गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हलक्या आवाजात लावून त्याच वेळी आवडता खाऊ द्यावा आणि तो निवांत राहील तेवढाच आवाज काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा. आम्ही घाई केली होती, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

ए–४०१ : आभाळ पुन्हा भरून आले आहे. त्याचे अंथरूण आतल्या खोलीत, कपाट आणि पलंगाच्या मधल्या फटीत हलवले आहे; तो आत्ताच तिथे जाऊन बसला. तरीही भुंकला तर काका, सांभाळून घ्यावे.

ए–३०१ : अवश्य. कालच्यासारखी दाराची घंटा मात्र वाजवणार नाही. तिनेही तो दचकला असेल, हे आता लक्षात आले.