लिबेटचा प्रयोग: निर्णय नेमका कोणाचा?

निशिगंध: अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात असे आढळले, की मनगट हलवण्याची इच्छा माणसाला हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी जाणवते, मेंदूतील विद्युत-सज्जता (हालचालीच्या तयारीत हळूहळू चढत जाणारा विद्युत-संकेत) मात्र ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली असते. त्यावरून ‘निर्णय मेंदू घेतो, आपल्याला तो मागाहून कळतो’ असे सर्रास सांगितले जाते. हा निष्कर्ष कितपत टिकतो?

तर्कटी: आधी प्रयोगाची मांडणी पाहावी. समोरच्या तबकडीवर एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि तसे वाटले त्या क्षणी ठिपका कुठे होता, ते नंतर सांगायचे. म्हणजे २०० हा आकडा सांगणाऱ्याच्या स्मरणावर बेतलेला आहे. ५५० चा आकडाही एका हालचालीतून मिळत नाही. अनेक नोंदी हालचालीच्या क्षणाशी जुळवून, मागे जात त्यांची सरासरी काढावी लागते. जेव्हा विद्युतपातळी चढली पण मनगट हललेच नाही, ते प्रसंग या हिशेबात येतच नाहीत. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

अवकाळी: हाच धागा मेंदूसंशोधक ॲरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पुढे नेला. मेंदूतील चढउतार सतत चालू असतात आणि ते योगायोगाने एखाद्या उंबरठ्यापलीकडे गेले की हालचाल घडते, असे मानले तरी सरासरीत तोच चढता आलेख दिसतो. मग त्या चढाला ‘आधीच घेतलेला निर्णय’ म्हणण्याचे कारण उरत नाही.

निशिगंध: पण २००८ च्या एफएमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहावरून त्याची सक्रियता टिपणारे तंत्र) प्रयोगात तर निवड काही सेकंद आधी ओळखता आली होती ना?

तर्कटी: आली, पण डावे की उजवे बटण एवढीच निवड होती आणि अंदाज सुमारे ६० टक्के वेळाच बरोबर ठरला, नाणेफेकीतही ५० टक्के मिळतातच. त्याने कल कळतो, निर्णय नव्हे.

सायंतारा: शिवाय कारणाविना मनगट हलवणे आणि विचारपूर्वक निवड करणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. मेंदूसंशोधक उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सहभागी व्यक्तींना दोन संस्थांपैकी कोणाला देणगी मिळावी, हे ठरवायला लावले. निवडीने काहीच फरक पडणार नव्हता तेव्हा तो विद्युत-चढ दिसला. देणगी खरोखर ठरणार होती तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही. तेव्हा मनगटावरून थेट नीतिशास्त्रावर, म्हणजे माणूस आपल्या कृत्यांना जबाबदार आहे का या प्रश्नावर, उडी घेणाऱ्या लेखांपासून जरा जपूनच राहावे.