भाची कंटेम्पररी डान्स कंपनीत लागली, नवा सीझन सुरू होतोय, बघायला जाताना काय बघायचं?

ऐरोलीचा_मामा:
नमस्कार मंडळी. ठाण्यात एक छोटी कंटेम्पररी डान्स कंपनी आहे, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात तालीम करतात, त्यांचा नवा सीझन पुढच्या महिन्यात सुरू होतोय. नाचणारे सहा जण, त्यातले दोघं यंदा नवीन घेतलेत आणि त्यातली एक माझी भाची. नऊ वर्षं भरतनाट्यम केलं पोरीने, गांधर्वची विशारद झाली, अरंगेत्रम झालं आणि आता म्हणते मामा मला हेच करायचंय. पहिला प्रयोग घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला, मग वाशीला भावे नाट्यगृहात. एक पीस तिघांचा, छोटा, आणि दुसरा सगळ्यांचा तासाभराचा.

मी नाटकवाला माणूस, गडकरी रंगायतनला कॉलेजपासून जातोय, लावणीही भरपूर बघितली, पण हा प्रकार कधी बघितला नव्हता. मागच्या आठवड्यात तिला डबा द्यायला गेलो तेव्हा थोडा वेळ तालीम बघत बसलो. ती आणि एक मुलगा पाठीला पाठ लावून उभे होते, ती हळूहळू त्याच्यावर रेलत गेली, तो तेवढाच वाकत गेला आणि कधी तिचे पाय जमिनीवरून सुटले ते कळलंच नाही. गाणं नाही, ताल नाही, वरचा पंखा आणि दोघांचा श्वास एवढाच आवाज. माझे डोळे भरून आले आणि का भरून आले ते मला अजून सांगता येत नाहीये. पण त्यानंतरची वीस मिनिटं सगळे जमिनीवर लोळतायत, उठतायत, परत पडतायत, तिथे मात्र काहीच हाती लागलं नाही.

तर यात गोष्ट शोधायची असते का? तिकीट पहिल्या रांगेचं काढू ना? आणि आमची ताई म्हणजे भाचीची आई सारखी विचारते की गुडघे गेले तर काय आणि पैसे किती मिळणार, तिला काय सांगू?

अनवाणी_ठाणे:
मामा, मी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये सात वर्षं नाचतेय. आधी तिकिटाचं. पहिली रांग अजिबात नको! नाटकाला ठीक आहे, चेहरा दिसतो, पण आपल्या नाट्यगृहांत स्टेज उंच असतं, पहिल्या रांगेतून मान वर करून बघावं लागतं आणि जमिनीवर जे चाललंय ते अर्धं स्टेजच्या कडेखाली जातं. तुम्हाला ज्या वीस मिनिटांत काही सापडलं नाही ना, त्याला फ्लोअरवर्क म्हणतात आणि ते वरून बघायचं असतं, गडकरीसारखी बाल्कनी असेल तर बाल्कनीची पहिली रांग सगळ्यात भारी, नसेल तर हॉलच्या मागच्या निम्म्यात बसा. मागून बघितलं की कोण कुणाच्या दिशेने जातंय, मध्ये किती जागा सोडलीय, सहा जणांतला एक कधी वेगळा पडतो हे दिसायला लागतं.

तुम्ही जे पाठीला पाठ बघितलं त्याला आम्ही वेट देणं म्हणतो, म्हणजे आपलं वजन समोरच्यावर सोडायचं. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणून प्रकार आहे, १९७२ साली अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी सुरू केला, तिथून हे सगळीकडे पसरलं. त्यात उचलायला ताकद कमी आणि वेळ साधणं जास्त लागतं, समोरच्याने वजन द्यायच्या आधी अर्धा क्षण तुम्ही घ्यायला तयार नसलात तर दोघं पडता. भरतनाट्यममधून आलेल्या मुलींना हे फार जड जातं कारण तिथे आपला तोल आपण एकटीने सांभाळायला शिकवलेलं असतं, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलं की पाठ ताठ, बाकी कुणाचा आधार नाही. मला स्वतःला पूर्ण वजन सोडायला दीड वर्ष लागलं. तुमची भाची पहिल्याच सीझनला ते करतेय याचं मला खरंच कौतुक वाटतं.

गोष्ट शोधू नका. एक जण निवडा आणि पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, मग दुसरा.

विंगेतला_माणूस:
मी लाइट्स आणि बॅकस्टेज करतो, कळव्याला राहतो, नाटकं पण करतो आणि डान्स पण. मामांना एक सांगतो, प्रयोग सुरू झाला की प्रकाश कुठून येतोय ते बघा. नाटकाला आपण समोरून लाइट देतो कारण चेहरा दिसला पाहिजे, डान्सला विंगेत उभे स्टँड लावतो, एकेका स्टँडवर तीन तीन चार चार लाइट, सगळ्यात खालचा पार नडगीच्या उंचीला. बाजूने लाइट आला की शरीराची कड उजळते, हात पाय हवेतून कापून काढल्यासारखे दिसतात आणि जमीन काळी राहते म्हणून उडी आहे त्यापेक्षा उंच वाटते. तो नडगीवाला लाइट मी बंद केला तर तीच उडी बसल्यासारखी दिसेल, हे मी पोरांना तालमीत करून दाखवलंय.

आणि फ्लोअर. हे अनवाणी नाचतात आणि आपल्याकडचं स्टेज नाटकाचं, वर्षानुवर्षं सेट ठोकून ठोकून खिळ्यांची भोकं, फळ्यांत फटी. एका नाट्यगृहात (नाव घेत नाही) आम्ही सकाळी झाडू मारला, मग लोहचुंबक फिरवलं, तरी एक बारीक खिळा राहिला आणि एका मुलाच्या टाचेत घुसला, त्याने तसाच प्रयोग पूर्ण केला आणि खाली उतरल्यावर मॅटवर लाल ठसे दिसले तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवसापासून मी स्वतः गुडघ्यावर बसून तळहाताने स्टेज चाचपतो, सगळं, एक टोक ते दुसरं टोक, मग मॅट अंथरू देतो. मॅट म्हणजे विनाइलचे लांब रोल, एक उचलायला दोन माणसं लागतात, घडी चालत नाही, घडी घातली की वळ पडतो आणि त्या वळात पायाचा अंगठा अडकतो. टेम्पोने आणायचे, अंथरायचे, सांध्यांना टेप लावायची, मग स्टँड, मग लाइट फोकस, मग टेक म्हणजे लाइट आणि साउंडसकट तालीम. पूर्ण दिवस जातो. पण शनिवार रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांना लागतात, डान्सवाल्यांना बहुतेक मधला वार मिळतो आणि तो दिवसभर हातात मिळाला तर नशीब. मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर कोण येणार ही यांची खरी अडचण आहे, तेव्हा मामा चार ओळखीचे लोक बरोबर घेऊन या, ते फार मोठं काम होईल.

जुना_नौपाडेकर:
छान चर्चा चाललीय. हे सगळं बाहेरून आलंय असं काही लोक म्हणतात म्हणून थोडं लिहितो. चंद्रलेखा, ज्यांनी भरतनाट्यम, केरळची युद्धकला कलरीपयट्टू आणि योग एकत्र आणून भारतीय नृत्याची दिशाच बदलली, त्यांचा जन्म १९२८ चा, वाड्याचा. म्हणजे आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला, आता पालघरमध्ये गेला तो वाडा! पुढे त्यांनी चेन्नईत काम केलं, १९८५ च्या 'अंगिका'ने त्यांनी देवदेवतांच्या कथा बाजूला ठेवून शरीरालाच विषय केलं. २००६ मध्ये गेल्या. आपल्या भागात त्यांचं नाव किती कमी जणांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

मुंबईत तर १९५२ मध्येच शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप उभा केला होता, त्यांच्या रामायणात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हालायची. आणि अस्ताद देबू. मी त्यांना बघितलंय. कथक आणि कथकली दोन्ही शिकलेला माणूस, मणिपूरच्या पुंग ढोलवाल्यांबरोबर आणि ऐकू न येणाऱ्या मुलामुलींबरोबर कितीतरी वर्षं काम केलं त्यांनी. एका प्रयोगात ते एका जागी इतके हळू वळत होते की मी शेजाऱ्याला विचारलं, वळतायत ना? आणि बघता बघता पाठ होती तिथे चेहरा आला. २०२० च्या डिसेंबरात गेले. तो एक वळसा मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि त्यातही गोष्ट काहीच नव्हती मामा.

ऐरोलीचा_मामा:
मनापासून आभार सगळ्यांचे. वाड्याचं वाचून ताईला लगेच फोन केला, आमचं आजोळ तिकडचंच, तिचा विश्वासच बसेना. पण गुडघ्यांचं आणि पैशांचं राहिलंच.

अनवाणी_ठाणे:
हो ते राहिलं, सॉरी. गुडघ्यांचं म्हणाल तर ताईंना विचारा, क्लासमध्ये नऊ वर्षं ती तट्टडवु, म्हणजे पाय आपटायचे ते, कशावर मारत होती? फरशीवर ना? त्यापेक्षा आत्ताचं फ्लोअर चांगलं असण्याची शक्यता आहे. तुम्ही पुढच्या वेळी गाळ्यात गेलात की चप्पल काढून टाच आपटून बघा, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट आणि रबर असेल तर जमीन किंचित दबते आणि पोकळ आवाज येतो. सरळ काँक्रीटवर मॅट टाकली असेल तर मात्र कंपनीशी बोला, स्पष्ट बोला, लाजू नका. आणि तालमीआधी वॉर्म अप किती वेळ करतात ते विचारा, आम्ही पाऊण तासाच्या आत नाचायला उभेच राहत नाही.

पैसे कमी आहेत, खोटं सांगणार नाही. मी सकाळी एका शाळेत शिकवते, संध्याकाळी सोसायटीत बॅच घेते, लग्नसराईत संगीतची कोरिओग्राफी करते आणि त्यावर घर चालतं. म्हणून तर बऱ्याच कंपन्या तालमी पावसाळ्यात करतात, तेव्हा लग्नं नसतात. ताईंना हे आत्ताच सांगा, नंतर कळण्यापेक्षा बरं. पण त्यांना तालमीला एकदा घेऊन जा, प्रयोगाच्या आधी.

ऐरोलीचा_मामा:
आज जाऊन आलो. टाच आपटली, पोकळ आवाज आला. ताई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, पाठीला पाठ सुरू झाली तशी उठून उभी राहिली आणि पोरीचे पाय परत जमिनीला टेकेपर्यंत उभीच होती. घरी येताना रिक्षात काही बोलली नाही, उतरताना म्हणाली, त्या मुलालाही जेवायला बोलाव एकदा.

मागच्या रांगेची सात तिकिटं काढलीत.