आईबापांच्या सेवेला घरात बाई ठेवली म्हणजे त्यांना टाकलं का?

पाचपाखाडीकर
आमच्या सोसायटीत एका कुटुंबाने वडिलांसाठी ब्युरोतून, म्हणजे घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, चोवीस तासांचा माणूस ठेवला. पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली. लगेच लिफ्टमध्ये कुजबुज सुरू झाली, "सून घरीच असते ना, मग परका माणूस कशाला?" ऐकून संताप आला, म्हणून हा धागा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा हे शिकून घ्यायचं, अंगमेहनतीचं काम आहे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ओढून बदलली तर कातडी सोलते. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी उचलून सरकवावं लागतं. माकडहाडावर, टाचांवर लाली दिसतेय का ते रोज बघायचं. बोटाने दाबून ती जात नसेल तर बेडसोअरची सुरुवात झाली समजायचं. गिळायला त्रास होणाऱ्याला आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. हे सगळं नुसत्या मायेने जमत नाही. आणि मी जिथे जिथे पाहिलं तिथे ते सुनेवर नाहीतर लग्न न झालेल्या मुलीवरच पडलेलं. मुलगे डॉक्टरांशी बोलतात आणि बिलं भरतात.

पैशाचं म्हणाल, तर आईबापांची पेन्शन आणि एफडी आधी त्यांच्याच सेवेवर खर्च व्हावी. वारसांसाठी राखून ठेवायची नाही.

नौपाड्याची लेक
साफ असहमत. कूस बदलणं शिकता येतं. बाबांच्या वेळी फिजिओथेरपिस्टने मला आणि भावाला शिकवलं होतं, आणि आम्ही ते केलं. त्याआधी ब्युरोचा माणूस होता. तो अंग पुसायला घ्यायचा तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. वाचा गेली होती, पण डावी मूठ घट्ट आवळलेली असायची. जन्मभर शाळेत मास्तर म्हणून मान मिळालेला माणूस, त्यांच्या लाजेचा विचार कोणी करायचा?

शिवाय ब्युरोचा माणूस टिकत नाही. गावी गेला की बदलीवर दुसरा येतो. त्याला गोळ्यांची वही, कवळीची डबी, पेज किती पातळ, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा. केंद्र सरकारच्या नोकरीत बायकांना मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, आईबापांसाठी तशी वेगळी रजा नाही. भांडायचं तर त्यासाठी भांडा.

कोपरखैरण्याचा
दोघांचंही म्हणणं ऐकायला बरं आहे. माझ्या वडिलांनी तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून गोणी वाहिल्या. त्यांच्या फंडाचे पैसे घरात गेले. आता ते घर एवढंसं, की रात्रीच्या बाईला पाठ टेकायला ओट्यापुढचीच जागा. दिवसाच्या बाईचे महिन्याला वीस हजारांच्या आसपास सांगतात, माझा पगार बत्तीस. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचं ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर. घरी आणलं की डायपर, एअर बेड, बाई, सगळं आपल्या खिशातून. महापालिकेची ज्येष्ठांसाठीची विरंगुळा केंद्रं चांगली आहेत, पण जिना उतरू शकणाऱ्यांना. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. वडील खाली शेवटचे उतरले ते खुर्चीत बसवून, चौघांनी धरून.

दिघ्याची ताई
मी हेच काम करते. माझंही ऐका. "चोवीस तासांची बाई" म्हणता, पण त्या चोवीस तासांत ती झोपते कधी, हे कोणी विचारत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. सकाळी पुन्हा "आजींचं आवरलंच आहे तर भांडी घासून टाका". माझ्या पगारातून ब्युरो दर महिन्याला कमिशन कापतो. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आमच्यातल्या कितीतरी जणींना त्याची माहितीच नाही. मास्तरांच्या लाजेचं मला पटतं. पण अंग पुसताना दार लोटून घ्यावं, आधी विचारावं, चादर एका वेळी अर्धीच काढावी, हे आम्हाला कोण शिकवतं? ब्युरोने पाठवलं की थेट पेशंटपुढे उभं राहायचं. बदलीवर बदली का येते म्हणता, तर न झोपता महिना काढून बघा.

सीवूड्स
आमच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिन्हीसांजेला पिशवी भरून दाराशी उभी राहायची, "चिपळूणची गाडी चुकेल" म्हणत. दाराला बाहेरून कुलूप घातलं तर ती रात्रभर दार बडवायची. शेवटी आम्ही तिला अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवलं. घरीच ठेवण्याचा हट्ट प्रत्येक आजारात चालत नाही.

पाचपाखाडीकर
ताई, तुमचं म्हणणं मी माझ्या मतात जोडतो. माणूस ठेवायचा तर दोन पाळ्यांत दोन, आठवड्याची सुट्टी आणि झोपायला अंथरूण. हे परवडत नसेल तर निदान दिवसाची बाई ठेवा आणि रात्री मुलांनी पाळ्या लावा, मुलग्यांनीसुद्धा. लेकीने सांगितलेली रजा मिळावीच, पण आजची रात्र त्याने भागत नाही. कोपरखैरण्याच्या भावाला माझ्याकडे उत्तर नाही. घरच्या सेवेला सरकारी पैसा मिळाल्याशिवाय त्याचं भागणार नाही. २००७ च्या कायद्यात आईबाप मुलांकडे निर्वाह मागू शकतात, पण त्याला महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली. त्यात दिवसाची बाईसुद्धा पुरा महिना येत नाही.

नौपाड्याची लेक
दोन पाळ्यांचं आणि मुलग्यांचं मान्य. पण आंघोळ आणि डायपर घरच्यांनीच करावं, यावर मी ठाम आहे. बाहेरच्या माणसाने उचलायला मदत करावी, रात्री जागावं, खाऊ घालावं. आणि हे ठरवताना आधी आईबापांना विचारा, बोलता येतंय तोवर. आमच्या बाबांना आम्ही विचारलं नव्हतं.

दिघ्याची ताई
लेकीला एक सांगते. मी ज्या आजींकडे आहे त्यांना सुनेच्या हातून डायपर बदलून घ्यायचा नाही. "तिच्यासमोर नको, तूच कर," म्हणतात.